नऊ फेऱ्या आणि अहमदाबाद: एका होल्डिंगचा हिशेब

काकांनी चंद्र मोजला होता. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, खाली पावसाळी ढगांचं जाड पांघरूण, वर मात्र आकाश मोकळं. उतरायला जागा मिळेना म्हणून मुंबईजवळ फेऱ्या मारणारं विमान वळलं की काकांच्या खिडकीत चंद्र यायचा, थोडा वेळ रेंगाळायचा आणि मागे सरकून जायचा. "नऊ वेळा आला," काका म्हणाले. "मग पायलटने सांगितलं, आपण अहमदाबादला चाललोय."

हे ते मला रविवारी सकाळी नाशिकच्या कॉलेज रोडवर मिसळ खाताना सांगत होते, आणि इकडे माझा पाव रश्शात बुडवलेला तसाच राहिला. त्या विमानाच्या इंधनाचा आकडा मी काढला होता.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यात अख्खी नोकरी काढली, तीही मिग लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये. त्यामुळे विमानाबद्दल त्यांना 'असं नसतं हो काका' म्हणून गप्प करता येत नाही. मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. प्रत्येक उड्डाणाचा आराखडा करायचा, मार्ग ठरवायचा, हवामान बघायचं, किती इंधन लागेल ते मांडायचं आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. खिडकी नसलेल्या खोलीत चार स्क्रीनसमोर बसून. काका कोलकात्याला मुलीकडे गेले होते एवढं माहीत होतं. कोणत्या दिवशी, कोणत्या विमानाने परततायत, हे मी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या तक्रारी तीन. टाकी भरून का नाही निघालात? इमर्जन्सी सांगून रांगेत पुढे का नाही घुसलात? आणि तिसरी, मिसळीपासून चहापर्यंत त्यांनी न सोडलेली: खाली नाशिक दिसत होतं, मग ओझरला का नाही उतरवलंत?

ढगांच्या फटींतून दिसलेले ते दिवे नाशिकचे होते, सिन्नरचे होते की शिर्डीचे, यावर मी वाद घातला नाही. विमान मुंबईच्या पूर्वेला, याच टापूत फिरत होतं, हे खरं. त्या सकाळी बिलाच्या मागे जो हिशेब मांडला तोच इथे देतोय. आकडे गोल केलेत, आणि कंपनी, तारीख, विमानाचा क्रमांक मुद्दाम गाळलाय. प्रकरण नवी मुंबईचा विमानतळ सुरू व्हायच्या आधीचं आहे.

टाकीत काय होतं

कोलकाता ते मुंबई, एअरबस ए३२०, अडीच तासांच्या थोडं वर. विमानाचं इंधन आम्ही लिटरमध्ये नाही, किलोत मोजतो, कारण तापमानाप्रमाणे लिटर बदलतो, वजन बदलत नाही. काकांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनीच खिशातलं पेन काढून पुढे केलं.

जमिनीवर धावपट्टीपर्यंत जायला २०० किलो. प्रत्यक्ष प्रवासाला ६,२००. वारा उलटला, ढगांना वळसा घालावा लागला तर म्हणून प्रवासाच्या ५ टक्के, म्हणजे ३१०. मुंबईला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठायला, इथे अहमदाबाद, २,१००. आणि सगळ्यात तळाशी १,१००. याला फायनल रिझर्व्ह म्हणतात. विमानतळापासून १,५०० फूट उंचीवर, होल्डिंगच्या, म्हणजे आकाशात फेऱ्या मारत थांबायच्या वेगाने, ३० मिनिटं उडता येईल एवढं इंधन. बेरीज ९,९१० किलो. नियमाप्रमाणे एवढं असलं की विमान निघू शकतं.

१,१००च्या आकड्यावर काकांनी बोट ठेवलं. "हा मृतसाठा." नाशिककराला हा शब्द वर्तमानपत्रातून तोंडपाठ असतो. गंगापूर धरण किती टक्के, त्यात मृतसाठा किती, उन्हाळ्यात रोज छापून येतं. उपमा चपखल आहे, फक्त एक फरक: धरणातला मृतसाठा सहजासहजी काढताच येत नाही, विमानातला पंपाने व्यवस्थित येतो. तो न वापरण्याची सक्ती यंत्राची नाही, माणसांची आहे. तो वापरावा लागेल असं दिसताक्षणी काय करायचं ते नियमात लिहिलंय, त्याकडे येतोच.

जुलैची संध्याकाळ आणि मुंबई, म्हणून मी वर १,२०० किलो जादा टाकले. कॅप्टनने आराखडा बघून आणखी ४०० मागितले. ११,५१० किलो घेऊन विमान निघालं.

"टाकी १८ हजारांवरची," काका म्हणाले. "अर्धी रिकामी का नेली?"

कारण इंधन वाहून न्यायला इंधन लागतं. जादा नेलेल्या वजनाच्या साधारण तीन टक्के दर तासाला नुसते ते वाहण्यात जळतात. अडीच तासांत टनामागे पाऊणशे-ऐंशी किलो. कंजूषपणा म्हणाल तर हो, तोही आहे. पण खरी अडचण उतरताना येते. टाकी गच्च भरून, १८० माणसं आणि त्यांचं सामान घेऊन निघालेलं ए३२० अडीच तासांनी मुंबईवर पोहोचलं तरी उतरण्याच्या कमाल वजनापेक्षा काही टन जडच असतं. ओली धावपट्टी, मागून वाऱ्याचा झोत आणि वर जास्त वजन, हे तिन्ही एकत्र कुणालाच नको असतं. म्हणून 'भरपूर' हा आकडा नसतो. किती मिनिटांसाठी, हे आधी ठरवायचं आणि मग त्याचे किलो करायचे.

फेऱ्या

मुंबईत विमानं का लटकतात याचं उत्तर विमानतळाच्या नकाशातच आहे. दोन धावपट्ट्या, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे एका वेळी एकच चालते. तिच्यावर गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं चढत-उतरत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने तो आकडा गर्दीच्या तासांत ४४ आणि बाकी वेळी ४२ वर आणायला सांगितलं. विमानं चाळीस मिनिटं ते तासभर शहरावर फिरत राहतात, असं त्यांनीच म्हटलं होतं. त्यांच्या हिशेबाने ४० मिनिटांत १.७ किलोलिटर इंधन जातं, तेव्हाच्या भावाने सुमारे १.८ लाख रुपयांचं. आमच्या बिलामागच्या हिशेबाशी हे साधारण जुळतं.

गर्दी आधी दिसत असेल तर विमानाला निघायच्या ठिकाणीच थांबवून ठेवतात. जमिनीवर इंजिन बंद ठेवता येतं. पिंपळगावच्या बाजार समितीबाहेर कांद्याचे ट्रॅक्टर रात्रभर रांगेत उभे असतात, डिझेल जळत नाही, ड्रायव्हर खाली सतरंजी टाकून झोपतो. हवेतल्या विमानाला ती सोय नाही. काकांचं विमान कोलकात्याला पंचवीस मिनिटं असंच थांबवलं होतं आणि काकांनी तिथेही नाक मुरडलं होतं. पण पावसाळी ढग वेळापत्रक विचारून येत नाही. विमान निम्म्या वाटेत असताना मुंबईच्या उतरण्याच्या रेषेवर गडगडाटी ढग येऊन बसला. दोन विमानं अगदी धावपट्टीजवळ येऊन परत वर गेली, आणि मागची सगळी रांग जिथल्या तिथे फिरायला लागली.

१९:४२ ला काकांच्या विमानाला होल्ड मिळाला, २०,००० फुटांवर. होल्ड म्हणजे धावण्याच्या ट्रॅकसारखा लांबट गोल: एक वळण, एक सरळ बाजू, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. १४,००० फुटांच्या वर सरळ बाजू दीड मिनिटाची, वळण मिनिटभराचं, म्हणजे एक फेरी पाच मिनिटांच्या आसपास. एकाच जागी अनेक विमानं असतात, हजार हजार फुटांच्या अंतराने एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखी. सगळ्यात खालची पोळी निघाली की वरच्या एकेक पायरी खाली. पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप आत, वेग कमी, नाक किंचित वर, कमीत कमी इंधनात हवेत टिकायची हीच पद्धत. "विमान सुस्तावलं होतं," असं काकांनी याचं वर्णन केलं, आणि ते चूक नाही.

होल्डमध्ये शिरताना टाकीत ५,६६० किलो होते. वाटेतल्या वळशाने १५० जास्त खाल्ले होते.

आता या प्रकरणातली खरी वजाबाकी. होल्डमधून निघून मुंबईला उतरण्याचा प्रयत्न करायला ७००. तो फसला तर अहमदाबाद, २,१००. तिथे पोहोचल्यावर फायनल रिझर्व्ह शाबूत, १,१००. एकूण ३,९००. म्हणजे फिरायला उरले १,७६०. तासाला २,२०० च्या दराने ४८ मिनिटं. फेरीमागे सुमारे १८० किलो. कॅप्टनने पहिल्या फेरीतच ही वजाबाकी केली आणि एक वेळ ठरवली: २०:३०. मी माझ्या स्क्रीनवर तीच केली, माझीही तीच आली. आमच्यात याबद्दल एक शब्द झाला नाही, गरजच नव्हती.

एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, होल्ड देताना पुढची परवानगी साधारण कधी मिळेल ती वेळ सांगतं. पहिली वेळ आली २०:०५. ती टळून २०:२० झाली. २०:१८ ला नवी वेळ आली: २०:३५.

फक्त पाच मिनिटांनी जास्त. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ही पाच मिनिटं. कुणी 'अजून दोन तास' सांगितले असते तर विमान तेव्हाच निघालं असतं. 'अजून पाच मिनिटं' माणसाला बसवून ठेवतं. बँकेत, दवाखान्यात, नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला आपण सगळे याच पाच मिनिटांवर अर्धा दिवस घालवतो.

कॅप्टनने एटीसीला कळवलं की २०:३० नंतर आम्ही थांबू शकत नाही. उत्तर मिळालं, तुम्ही रांगेत सहावे. २०:२९ ला, ३,९३७ किलो टाकीत असताना, त्याने अहमदाबाद मागितलं. काकांच्या चंद्राच्या हिशेबाने नऊ फेऱ्या पूर्ण, दहावी अर्धी. सत्तेचाळीस मिनिटांना पाचने भागून बघा.

२०:३७ ला मुंबई मोकळी झाली.

"आठ मिनिटं!" काकांचा चमचा ताटलीवर आपटला. त्यांच्या कॉलनीतला एक मुलगा त्याच रात्री दुबईहून येत होता, तोही तिथेच कुठेतरी फिरत होता, आणि दहाच्या आत मुंबईत उतरून पहाटे दोनला घरी झोपला होता. काका घरी पोहोचले सकाळी साडेसातला. अहमदाबादला अडीच तास विमानातच बसून, मग मुंबई, मग पावसात कसारा घाट.

दुबईच्या विमानाकडे इंधन जास्त होतं. आखाती देशात इंधन आपल्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणून कंपन्या तिथून जास्तीचं भरून आणतात. त्याची २०:३० ची वेळ कदाचित २१:१५ ची असेल. शेजारच्या विमानाकडे बघून आपला निर्णय तोलणं म्हणजे शेजाऱ्याच्या टाकीत पाणी आहे म्हणून आपला नळ सोडून ठेवणं.

पण काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. थांबलो असतो तर? मी प्रामाणिकपणे हिशेब केला. रांगेत सहावं, म्हणजे मुंबई उघडल्यावर आणखी पंधरा मिनिटं. २०:५२ ला होल्ड सोडला असता तेव्हा साधारण ३,१०० किलो. मुंबईत उतरताना २,४०० शिल्लक.

"म्हणजे आरामात उतरलं असतं," काका म्हणाले.

उतरलं असतं. हे मी बिलावर लिहून दिलं. पण त्या २,४०० मधून अहमदाबादचे २,१०० वजा केले तर ३०० उरतात. म्हणजे अहमदाबाद हातचं गेलेलं. पुढचं विमान धावपट्टीवर रेंगाळलं किंवा तो ढग परत आला, तर मुंबईशिवाय दुसरी जागा नाही. आणि मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, हे मघाशी सांगितलंच. २०१९ च्या १ जुलैच्या रात्री मुसळधार पावसात एक प्रवासी विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापुढे गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. रांगेतल्या पाचव्या विमानाचं असं काही झालं तर सहाव्याने काय करायचं? मुंबई ८ मिनिटांनी उघडली हे आपल्याला मिसळ खाताना माहीत आहे. २०:२९ ला ते मुंबईच्या एटीसीलाही माहीत नव्हतं.

अहमदाबादची रांग

इथवर कॅप्टनचं बरोबर, एवढंच प्रकरण असतं तर मी ते लिहिलं नसतं.

मुंबई बंद झाली की सगळे अहमदाबादकडे वळतात, कारण सगळ्या डिस्पॅचरांनी आपापल्या आराखड्यात अहमदाबादच लिहिलेलं असतं. मीही लिहिलं होतं. नेहमीचं, जवळचं, मोठं, तिथे आमची माणसं आहेत. ३८ मिनिटांनी काकांचं विमान तिथे पोहोचलं तेव्हा आधी आलेली विमानं उतरत होती आणि उभं करायला जागा शोधत होती. पुन्हा होल्ड, दहा मिनिटं. काकांनी हा भाग मोजला नव्हता; त्यांना वाटलं, विमान उतरण्यासाठी वळतंय. विमान टेकलं तेव्हा टाकीत १,४५० किलोंच्या आसपास होते. मृतसाठ्याच्या साडेतीनशे वर.

आता ती वजाबाकी पुन्हा बघा. मुंबईच्या प्रयत्नासाठी राखलेले ७०० किलो वापरलेच गेले नाहीत. त्यातूनच अहमदाबादची दहा मिनिटं निघाली. समजा कॅप्टनने असा विचार केला असता की मुंबईचा प्रयत्न करायचाच नाही, मग ३,९०० कशाला, ३,२०० पर्यंत फिरू. अहमदाबाद अधिक फायनल रिझर्व्ह, नियमात बसतं. खरंच बसतं. मग तो अहमदाबादला ७२० किलो घेऊन उतरला असता, ३० ऐवजी वीस मिनिटांचं इंधन, आणि रेडिओवर मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक.

२६ जुलै २०१२ ला स्पेनमध्ये हेच झालं. माद्रिदवर वादळं आली, एकाच कंपनीची तीन विमानं व्हॅलेन्सियाला वळली, तिथे आधीच गर्दी, पुन्हा फेऱ्या, आणि तिघांनीही इंधनाचा मेडे दिला. तिन्ही सुखरूप उतरली. पर्यायी विमानतळ कागदावर आपला एकट्याचा असतो, आकाशात सगळ्यांचा.

यात माझी चूक कुठे, ती सांगतो. २०:१० ला माझ्या स्क्रीनवर चार विमानं अहमदाबादकडे वळलेली दिसत होती. त्याच वेळी काकांच्या विमानात ४,६०० च्या वर इंधन होतं. होल्डच्या जागेवरून हैदराबादला साधारण २,५०० लागले असते. म्हणजे फायनल रिझर्व्ह धरूनही हजार किलो शिल्लक. हैदराबादचं हवामान स्वच्छ, जागा भरपूर. हा पर्याय तेव्हा जिवंत होता. साडेआठपर्यंत तो नावापुरता उरला. पर्याय संपताना घंटा वाजत नाही, तो फक्त फेरीमागे १८० किलोंनी बारीक होत जातो. मी कॅप्टनला अहमदाबादच्या गर्दीचा संदेश पाठवला २०:२४ ला. चौदा मिनिटं उशिरा. मधल्या वेळात मी इतर तीन विमानांशी झटत होतो, हे कारण आहे, पण काकांसमोर ते सांगायला जीभ रेटली नाही. नंतरच्या अंतर्गत आढाव्यात मी हे मांडलं. आता पावसाळ्यात पूर्वेकडून येणाऱ्या विमानांच्या आराखड्यात मी दोन पर्यायी विमानतळ लिहितो आणि दुसऱ्याची 'शेवटची वेळ' शेजारी पेन्सिलीने.

रांगेत घुसणं

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर देताना मला न्यूयॉर्कला जावं लागलं. २५ जानेवारी १९९०. कोलंबियातल्या बोगोटाहून मेडेयीनमार्गे निघालेलं अव्हियांका ५२, बोईंग ७०७. न्यूयॉर्कमध्ये हवा खराब, विमानाला वाटेत तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटं फिरवलं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी हवी' असं सांगितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. नियंत्रकाच्या कानाला प्रायॉरिटी म्हणजे जरा लवकर बघा. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळत असताना चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेकच्या टेकडीवर कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. आग लागली नाही. जळायला काही उरलंच नव्हतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शब्द चुकला."

शब्दच. म्हणून २०१२ साली आंतरराष्ट्रीय नियमांत दोन शब्द पक्के झाले. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता मी याच विमानतळाला बांधलेला आहे, आणखी उशीर झाला तर फायनल रिझर्व्हला हात लागेल. हा इशारा आहे, रांगेत घुसायचा पास नाही. आणि उतरताना फायनल रिझर्व्हपेक्षा कमीच उरणार असं हिशेबात दिसलं की 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. त्यानंतर बाकी सगळे बाजूला होतात. टाकी रिकामी व्हायची वाट बघायची नसते, हिशेब रिकामा झाला की बोलायचं.

काकांच्या विमानात २०:२९ ला यातलं काहीच खरं नव्हतं. खोटं बोलून पुढे घुसला असता तर पुढच्या पाचांपैकी एखाद्याचे किलो त्याने खाल्ले असते.

आणि ओझर

"हे सगळं पटलं," काका म्हणाले. चहा आला होता. "पण ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची. सुखोई उडतं तिथून. तुमचं एअरबस तर तिथे रोजच येतं की."

खरंय. ओझरला धावपट्टी आहे. पण पर्यायी विमानतळ म्हणजे नुसती धावपट्टी नव्हे. आपण पोहोचू त्या मिनिटाला तो उघडा हवा, एटीसीत माणूस हवा, त्या आकाराच्या विमानाला पुरेल एवढं अग्निशमन दल सज्ज हवं, उभं करायला जागा, शिडी, इंधनाची गाडी. ओझरचा विमानतळ एचएएलचा, तिथल्या वेळा एचएएलच्या कामाशी बांधलेल्या. आणि समजा हे सगळं जुळलं, तरी मुंबईपासून ओझर सरळ रेषेत एकशे साठ किलोमीटरच्या आत. त्र्यंबक-इगतपुरीवर चढणारा पाऊस तोच, जो दोन तासांपूर्वी मुंबईवर होता. छत्री विसरलेल्याने शेजारच्याच भिजलेल्या माणसाकडे छत्री मागण्यासारखं. मेडे दिला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा मिळेल ती धावपट्टी चालते, ओझर तर उत्तमच.

"मग मेडे द्यायचा होता," काका म्हणाले, आणि स्वतःच हसले. पण पूर्ण हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे विमान म्हणजे अजूनही महामंडळाची गाडी आहे, हात दाखवला की द्वारकेला थांबणारी. विमानात नाशिकचे बाराजण होते म्हणे, त्यांनी आपसात मोजलं होतं.

पोऱ्या दोनदा बिल विचारून गेला. टेबलावर नव्हतं. काकांनी ते घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि पैसे अंदाजाने देऊन टाकले. संध्याकाळी मावशीने ते मला दाखवलं. सगळी बेरीज-वजाबाकी माझ्या अक्षरात. अहमदाबाद २,१००, हैदराबाद २,५००. त्याखाली काकांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ जास्त होती: ओझर, ० किलो, खालीच होतं.